वकिलाला लिहिलेलं पत्र कोर्टात दाखवावं लागतं का? दिवाणी दाव्यातल्या कागदांची गोपनीयता, पायरीपायरीने

दिवाणी दाव्याचं समन्स आलं की बहुतेक माणसं घरातले सगळे कागद एका पिशवीत भरतात आणि वकिलाच्या टेबलावर आणून ओततात. मूळ करारनामा, पावत्या, व्हॉट्सॲपच्या प्रिंट, आधीच्या वकिलाने दिलेला लेखी सल्ला, रात्री बसून वहीत लिहिलेली टिपणं, सगळं एकात एक. पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातलं समोरच्याला काय काय दाखवावं लागेल?

या प्रश्नाला लोक दोन टोकांची उत्तरं धरून बसलेले असतात. काहींना वाटतं, वकिलाच्या कपाटात गेलेला प्रत्येक कागद सुरक्षित. काहींना वाटतं, कोर्टाने मागितलं की सगळं उघडं. दोन्ही चूक आहे, आणि दोन्ही चुका महागात पडतात. कायदा तुमचं वकिलाशी झालेलं बोलणं राखतो. ते बोलणं ज्या घटनेबद्दल होतं ती घटना, किंवा ज्या कागदांबद्दल होतं ते कागद, तो राखत नाही. शिवाय हे संरक्षण मागावं लागतं, उघडपणे, यादीत लिहून. जो कागद गुपचूप बाजूला काढला त्याला संरक्षण मिळत नाही. उलट तो सापडला की आख्ख्या दाव्यावर संशय येतो.

पुढे एकच उदाहरण धरून चालतो. एका गृहनिर्माण संस्थेने गच्चीची गळती थांबवण्याचं काम कंत्राटदाराला दिलं. पहिल्याच पावसात पाणी पुन्हा आलं. संस्थेने नुकसानभरपाईचा दावा लावला. कंत्राटदार म्हणतो, काम नीट झालं होतं, संस्थेने नंतर गच्चीवर टाक्या बसवल्या म्हणून गळती झाली. आता संस्थेच्या सचिवांची पिशवी उघडू.

आधी तारीख पाहा: कोणता कायदा लागू?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आणि १८७२ चा पुरावा कायदा गेला. पण नव्या कायद्याच्या कलम १७० प्रमाणे त्या दिवशी जी प्रकरणं चालू होती ती जुन्याच कायद्याने पुढे चालतात. म्हणून दावा आधीचा असेल तर हरकतीत कलम १२६ ते १२९ लिहायचं, नंतरचा असेल तर कलम १३२ ते १३४. आशय जवळपास तोच आहे, पण अर्जात चुकीचं कलम टाकून समोरच्या वकिलाला आयता मुद्दा कशाला द्यायचा?

नव्या कायद्यातली तीन कलमं नीट समजून घ्या, कारण तिघांचं काम वेगळं आहे.

कलम १३२ वकिलाचं तोंड बंद करतं. अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला अशिलाने सांगितलेलं, अशिलाला दिलेला सल्ला, किंवा कामाच्या ओघात पाहिलेल्या कागदाचा मजकूर आणि त्याची स्थिती उघड करता येत नाही. हे बंधन वकिलाचे कारकून, कर्मचारी आणि दुभाषे यांनाही आहे.

कलम १३४ अशिलाला ढाल देतं. कायदेशीर सल्लागाराशी विश्वासाने झालेला संवाद कोर्टासमोर उघड करण्याची सक्ती अशिलावर करता येत नाही. याला एक मोठा अपवाद आहे, तो साक्षीच्या पिंजऱ्यातला. त्याकडे पुढे सविस्तर येतो.

कलम १३३ सांगतं की अशिलाने स्वतः साक्ष दिली एवढ्यावरून त्याने वकिलाला तोंड उघडायची परवानगी दिली असं होत नाही. त्याने वकिलालाच साक्षीदार म्हणून बोलावलं आणि त्याच गुप्त गोष्टींबद्दल प्रश्न विचारले, तरच ती संमती मानली जाते.

हा हक्क अशिलाचा आहे. वकील त्याचा राखणदार. म्हणून संमती द्यायची की नाही हे वकिलाने परस्पर ठरवायचं नसतं.

पिशवी रिकामी करा, तीन ढीग लावा

पहिला ढीग: वाद होण्याआधीचे आणि वादाबाहेरही अस्तित्व असलेले कागद. कंत्राटदाराशी झालेला करार, कामाचं अंदाजपत्रक, बिलं, बँकेच्या नोंदी, गळतीचे फोटो, टाक्या बसवण्याची वर्कऑर्डर. हे सगळे दाखवायचे. सचिवांनी वर्कऑर्डर वकिलाकडे ठेवली म्हणून ती गुप्त होत नाही. हे मी अशिलांना पहिल्याच भेटीत सांगतो, कारण जो कागद अडचणीचा असतो नेमका तोच "तुमच्याकडेच राहू द्या, साहेब" म्हणून पुढे सरकवला जातो.

दुसरा ढीग: तुम्ही आणि वकील यांच्यातले कागद. सल्ला मागणारं पत्र, वकिलाचं लेखी मत, भेटीची टिपणं, कैफियतीचे (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे) किंवा प्रतिज्ञापत्राचे कच्चे मसुदे, नोटीस पाठवण्यासाठी दिलेल्या सूचना. हा संरक्षणाचा गाभा. इथे एक बारकावा आहे. कंत्राटदाराला पाठवलेली वकिलाची नोटीस गुप्त नाही, कारण ती समोरच्याला पोचावी म्हणूनच लिहिली होती. तिच्यासाठी सचिवांनी वकिलाला पाठवलेला ईमेल मात्र गुप्त आहे. दाखल झालेलं प्रतिज्ञापत्र उघडं, त्याचे खोडाखोडीचे मसुदे झाकलेले.

तिसरा ढीग मधला आणि त्रासाचा: कार्यकारी समितीचं इतिवृत्त, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे संदेश, अभियंत्याचा अहवाल, चार्टर्ड अकाउंटंटचं पत्र, "वकील असं म्हणाले" अशी सुरुवात असलेले सदस्यांचे ईमेल. हे एकेक करून तपासावे लागतात आणि खरा वेळ इथेच जातो.

इतिवृत्त घ्या. समितीने ठराव केला, त्यात अर्धं पान वकिलाच्या सल्ल्याचं उतरवून काढलं: "वकिलांच्या मते टाक्यांमुळे आपली बाजू कमकुवत आहे, तडजोड करावी." हेतू प्रामाणिक होता, नोंद नीट राहावी एवढाच. पण इतिवृत्त अनेकांच्या हातात जातं, आणि एखादा नाराज सभासद त्याची प्रत कंत्राटदाराला देतो. त्यापेक्षा "वकिलांचा सल्ला समितीसमोर ठेवला व विचारात घेतला" एवढंच लिहा. सल्ल्याचा कागद वेगळ्या फाइलीत. आधीच तसं लिहून बसला असाल तर इतिवृत्त फाडू नका, बदलू नका. मागणी आली की तेवढा भाग झाकून बाकीचं दाखवायची तयारी ठेवा आणि झाकल्याचं कारण यादीत लिहा.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल एवढंच: विश्वासाने झालेला संवाद ही कलम १३४ ची अट आहे. ऐंशी जणांच्या ग्रुपवर वकिलाचं मत पुढे ढकलल्यावर तो विश्वासाचा संवाद होता हे कोर्टाला पटवणं फार कठीण जातं.

समोर बसलेला माणूस वकील आहे का?

कलम १३२ मध्ये शब्द आहे वकील, म्हणजे ॲडव्होकेट. चार्टर्ड अकाउंटंटने कराबद्दल कितीही उत्तम सल्ला दिला तरी त्याच्या पत्राला हे कलम लागत नाही. वास्तुविशारद, सल्लागार अभियंता, दस्त लिहून देणारा एजंट, कायद्याचं जाणणारा मेहुणा यांचंही तेच. त्यांच्याशी जे बोललात ते साधं खासगी बोलणं, आणि खासगी असणं वेगळं, कायद्याने राखलेलं असणं वेगळं.

कंपनीच्या पगारावरच्या कायदा अधिकाऱ्यांबद्दल बराच काळ घोळ होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या एका प्रकरणात, मालकाला कायदेशीर सल्ला देणाऱ्या पगारी सल्लागारालाही हे संरक्षण आहे असं म्हटलं होतं. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स काढण्याच्या प्रश्नावर निकाल दिला, त्यात वेगळी रेघ ओढली. पगारी कायदा अधिकारी कोर्टात वकिली करत नाहीत, म्हणून कलम १३२ त्यांना नाही. त्यांनी कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी केलेल्या संवादाला कलम १३४ चं संरक्षण आहे. मालक आणि पगारी अधिकारी यांच्यातल्या आपसातल्या संवादाला ते नाही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. कंपनीत वाद शिजतोय असं दिसलं की संवेदनशील विश्लेषण कायदा विभागाच्या आतल्या ईमेलमध्ये लिहीत बसू नका. बाहेरच्या वकिलाला प्रश्न पाठवा आणि उत्तर त्याच्याकडून घ्या. आतल्या साखळीत "मला वाटतं आपलीच चूक आहे" असा ईमेल एकदा फिरला की तो दाखवावा लागेल असं धरूनच चाला.

वाद सुरू झाल्यावर तयार होणारे कागद

संस्थेने अभियंत्याकडून गच्चीची तपासणी करून घेतली. अहवाल विरुद्ध गेला. तो दाखवावा लागेल का?

इंग्लंडमध्ये याचं एक गाजलेलं उत्तर आहे. रेल्वे अपघातात मरण पावलेल्या कामगाराच्या पत्नीने ब्रिटिश रेल्वे बोर्डावर दावा लावला होता. बोर्डाकडे अपघाताचा अंतर्गत अहवाल होता आणि त्याच्या डोक्यावर, हा बोर्डाच्या सॉलिसिटरच्या, म्हणजे वकिलाच्या, माहितीसाठी आहे असं छापलेलं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७९ मध्ये तो दाखवायला लावला. कारण अहवालाचे हेतू दोन होते, रेल्वेची सुरक्षितता आणि संभाव्य दावा. दाव्याचा हेतू प्रमुख असल्याशिवाय संरक्षण नाही, असं ठरलं. मथळा पाहून कोणी फसलं नाही.

आपल्या कायद्याचे शब्द तर आणखी अरुंद आहेत. ते वकील आणि अशील यांच्या संवादाबद्दल बोलतात, तिसऱ्या माणसाच्या अहवालासाठी वेगळं कलम नाही. अशिलाच्या वतीने वकिलाला पाठवलेला मजकूर मात्र कलम १३२ मध्ये बसतो. म्हणून माझा सल्ला असा: तज्ज्ञाचं मत दाव्यासाठी हवं असेल तर नेमणुकीचं पत्र वकिलाकडून जाऊ द्या, त्यात कोणत्या वादात कायदेशीर सल्ला देण्यासाठी हे मत हवं आहे ते लिहू द्या, आणि अहवाल थेट वकिलाच्या नावे येऊ द्या. सोसायटीच्या नेहमीच्या देखभालीसाठी जो अहवाल तसाही करायचाच होता, त्यावर "गोपनीय" असा शिक्का मारून काही साधत नाही. आणि हेही लक्षात ठेवा की अहवाल राखला तरी गच्चीची अवस्था राखली जात नाही. कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला कमिशनर येऊन तीच गच्ची पाहू शकतो.

प्रतिज्ञापत्रातली यादी: इथे हक्क टिकतो किंवा जातो

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ नियम १२ खाली समोरचा पक्ष कागदांचा शोध मागतो, म्हणजे तुमच्याकडे वादाचे कोणते कागद आहेत ते शपथेवर सांगा असं म्हणतो. कोर्टाने हुकूम केला की नियम १३ प्रमाणे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याचा नमुना संहितेच्या परिशिष्ट क मध्ये आहे, नमुना क्रमांक ५. पहिल्या अनुसूचीचे दोन भाग: पहिल्यात तुमच्याकडे असलेले आणि दाखवायला हरकत नसलेले कागद, दुसऱ्यात तुमच्याकडे असलेले पण दाखवायला हरकत असलेले. दुसऱ्या अनुसूचीत पूर्वी होते पण आता नाहीत असे कागद, ते शेवटी कधी ताब्यात होते आणि आता कुणाकडे आहेत यासह.

गोपनीयतेचा हक्क मागण्याची जागा म्हणजे पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग. लोक काय करतात? तो भाग रिकामा सोडतात आणि कागद घरी ठेवतात. शपथेवर दिलेल्या यादीत कागद नाही आणि पुढे उलटतपासात तो निघाला, तर गोपनीयतेचा मुद्दा बाजूला राहतो आणि खोट्या शपथेचा मुद्दा उभा राहतो.

दुसरी चूक मोघमपणाची. अशी नोंद वारंवार दिसते:

"इतर खासगी व गोपनीय पत्रव्यवहार. दाखवण्यास हरकत."

यावरून कोर्टाला काहीच ठरवता येत नाही. कोणता पत्रव्यवहार, कुणाचा, केव्हाचा? आता हीच नोंद अशी करा:

"अ. क्र. ४. दि. १४ जानेवारी २०२५. वादी संस्थेच्या सचिवांनी संस्थेच्या वकिलांना पाठवलेला ईमेल, २ पाने, जोडपत्रासह. ताबा: वादी. हरकत: प्रस्तुत वादाबाबत कायदेशीर सल्ला मागण्यासाठी विश्वासाने पाठवलेला संवाद, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम १३४. जोडपत्र (कामाचे अंतिम बिल) हे स्वतंत्र कागद म्हणून भाग १ मध्ये अ. क्र. ११ वर दाखल आहे."

तारीख आहे, कोणी कोणाला लिहिलं ते आहे, कागदाचा प्रकार आहे, कारण आहे, आणि सल्ल्याचा आशय मात्र कुठेही फुटलेला नाही. शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्या. ईमेल गुप्त असला तरी त्याला जोडलेलं बिल गुप्त नसतं. ते वेगळं काढून दाखवलं की न्यायाधीशांना दिसतं की तुम्ही हक्क मोजून मापून मागताय, आणि उरलेल्या हरकतींकडेही ते त्याच नजरेने पाहतात.

दावा व्यापारी न्यायालयात असेल, म्हणजे व्यापारी स्वरूपाचा आणि ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्त मूल्याचा, तर आदेश ११ वेगळाच आहे. तिथे समोरच्याने मागण्याची वाट पाहायची नसते. वादपत्र आणि कैफियतीसोबतच वादाशी संबंधित सगळे कागद द्यायचे, ते तुमच्या बाजूचे असोत की विरुद्ध, आणि तसं शपथेवर सांगायचं. पुढे नवा कागद सापडला तर तो उघड करण्याचं कर्तव्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत चालू राहतं. त्यामुळे ढीग लावायचं काम दावा दाखल करण्याआधीच संपलेलं असलं पाहिजे.

तपासणीची नोटीस आल्यावर

तुमच्या वादपत्रात किंवा प्रतिज्ञापत्रात ज्या कागदाचा उल्लेख आहे तो पाहण्याची मागणी समोरचा नियम १५ खाली नोटीस देऊन करू शकतो. साध्या दिवाणी दाव्यात नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत उत्तर द्यायचं: कोणते कागद कधी पाहता येतील, कोणत्याला हरकत आहे आणि हरकतीचं कारण काय. गप्प बसू नका.

इथेच एक सापळा आहे, आणि तो आपणच लावतो. वादपत्रात शेखी मिरवायला लिहिलं जातं: "वादीने नामवंत विधिज्ञांचे लेखी मत घेतले असून त्यानुसार करार बंधनकारक आहे." झालं. स्वतःच त्या मताचा उल्लेख केला आणि त्यावर भिस्त ठेवली, आता समोरचा ते पाहायला मागणार. लेखी मताचा फायदा घ्यायचा आणि ते झाकायचं, दोन्ही एकदम जमत नाही. वादपत्र दाखल होण्याआधी त्यात "सल्ला", "मत", "वकिलांनी कळवल्याप्रमाणे" हे शब्द कुठे आलेत ते एकदा शोधा आणि गरज नसेल तिथून काढा.

हरकतीवर वाद झाला तर नियम १९ (२) प्रमाणे न्यायाधीश स्वतः तो कागद पाहून हक्क खरा आहे का ते ठरवू शकतात. अपवाद फक्त राज्यकारभाराच्या कागदांचा. म्हणून कागद सीलबंद पाकिटात, क्रमांक घालून, तारखेला तयार ठेवा. हुकूम झाल्यावरही टाळाटाळ केलीत तर नियम २१ आहे: वादी असाल तर दावा निकाली निघू शकतो आणि त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही, प्रतिवादी असाल तर बचाव काढून टाकला जाऊ शकतो.

प्रश्नावली आली, म्हणजे नियम १ खालचे लेखी प्रश्न, तर तिथेही गोपनीयतेची हरकत घेता येते. पण प्रश्न नीट वाचा. "टाक्या बसवण्याबाबत वकिलांना काय सांगितले?" याला हरकत घ्या. "टाक्या कोणत्या तारखेला बसवल्या?" याचं उत्तर द्यावंच लागेल. ती तारीख तुम्ही वकिलालाही सांगितली होती म्हणून ती गुपित होत नाही.

वकिलालाच समन्स आलं तर

वकिलाने "मला गोपनीयतेचा हक्क आहे" म्हणून समन्स परत पाठवायचं नसतं. साक्ष्य अधिनियमाचं कलम १६५ स्पष्ट आहे: कागद आणण्याचं समन्स मिळालं की हरकत असली तरी कागद कोर्टात आणायचा, आणि हरकतीचा निर्णय कोर्ट करणार. २०२५ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वकिलाच्या किंवा अशिलाच्या ताब्यातला कागद हजर करण्याला कलम १३२ आड येत नाही. दिवाणी प्रकरणात ते कलम १६५ आणि आदेश १६ नियम ७ प्रमाणे चालेल, आणि हरकतीवर वकील व पक्षकार दोघांनाही ऐकून निर्णय व्हायचा. हे वाचून काहींनी हक्कच गेला असा सूर लावला. मला तसं वाटत नाही. कागद कोर्टापर्यंत नेणं आणि तो समोरच्याच्या हातात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या जागेत कलम १३४ आहे, आणि कलम १३६ सुद्धा: जो कागद अशिलाच्या हातात असता तर त्याला नाकारता आला असता, तो वकिलाच्या हातात असताना अशिलाच्या संमतीशिवाय सक्तीने मागता येत नाही. तुमची लेखी हरकत या दोन कलमांवर उभी करा.

साक्षीचा पिंजरा

आता तो मोठा अपवाद. कलम १३४ ची ढाल अशिलाने स्वतः साक्षीदार म्हणून पुढे येईपर्यंत पूर्ण आहे. तो पुढे आला की त्याने दिलेल्या साक्षीचा अर्थ लावायला जेवढा संवाद कळणं आवश्यक आहे असं कोर्टाला वाटेल, तेवढा उघड करायला लावता येतो. त्यापलीकडचा नाही.

दिवाणी दाव्यात हा अपवाद दूरचा नाही. आदेश १८ नियम ४ प्रमाणे सरतपास, म्हणजे साक्षीदाराची आपल्या बाजूची मूळ साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो, म्हणजे आपला दावा शाबीत करू पाहणारा जवळपास प्रत्येक पक्षकार साक्षीदार होतोच. म्हणून सरतपासाचं प्रतिज्ञापत्र लिहिताना वकिलाशी झालेल्या बोलण्याचा एक शब्दही येऊ देऊ नका. सचिवांनी "वकिलांनी सांगितल्यामुळे आम्ही टाक्यांबद्दल कळवले नाही" असं एक वाक्य लिहिलं की त्या एका वाक्याचं स्पष्टीकरण म्हणून सगळा पत्रव्यवहार मागितला जाईल.

पिंजऱ्यात जाताना हातात कागद नेऊ नका. साक्षीदाराने आठवण ताजी करायला एखादं टिपण पाहिलं तर समोरच्याला ते पाहण्याचा आणि त्यावर उलटतपास घेण्याचा हक्क आहे. वकिलाने दिलेली प्रश्नांची चिठ्ठी खिशातून निघाली की पुढचा तास त्या चिठ्ठीवर जातो.

उलटतपासात "वकिलांनी काय सल्ला दिला?" असं विचारलं तर साक्षीदाराने घाईने उत्तर देऊ नये, एक श्वास थांबावं. हरकत घेण्याचं काम त्याच्या वकिलाचं, आणि ती उत्तर येण्याआधी घ्यायची. बोलून झालेलं उत्तर परत घेता येत नाही. हा थांबण्याचा सराव मी साक्षीच्या आधी मुद्दाम करून घेतो.

संरक्षण मुळातच नसतं तेव्हा

बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी केलेला संवाद कलम १३२ राखत नाही. वकिलाचं काम सुरू झाल्यानंतर झालेला गुन्हा किंवा लबाडी दाखवणारी जी वस्तुस्थिती वकिलाच्या नजरेला पडली, तीही नाही. कायद्यातलीच उदाहरणं बोलकी आहेत. "मी बनावट दस्त केला, माझा बचाव करा" हे राखलेलं, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नव्हे. "या बनावट दस्तावर मला मालमत्तेचा ताबा मिळवून द्या, दावा लावा" हे राखलेलं नाही. तिसरं उदाहरण हिशेबवहीचं: काम घेतलं तेव्हा वहीत एक नोंद नव्हती आणि प्रकरण चालू असताना ती वहीत आलेली वकिलाला दिसली. तीही राखलेली नाही. दावा लागल्यावर इतिवृत्तात मागची तारीख टाकून ठराव घुसडणाऱ्यांनी हे उदाहरण दोनदा वाचावं.

कागद चुकून समोरच्याकडे गेला तर

ईमेल चुकीच्या पत्त्यावर गेला, किंवा झेरॉक्सच्या गठ्ठ्यात सल्ल्याचं पत्र मिसळून गेलं. त्याच दिवशी लेखी कळवा: कोणता कागद, कसा गेला, संमती नव्हती, परत करा, प्रती नष्ट करा, वापरू नका. उत्तर आलं नाही तर तो कागद निशाणीवर, म्हणजे पुरावा म्हणून नोंदीत, घेऊ नये म्हणून कोर्टात अर्ज द्या. फार आशा मात्र ठेवू नका. कलम १३२ वकिलाला बोलू देत नाही आणि कलम १३४ अशिलावर सक्ती होऊ देत नाही. पण समोरच्याच्या हातात आधीच असलेला कागद कोर्टाने वाचू नये असं ही कलमं शब्दांत म्हणत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पूरणमल निकालापासून (१९७३) आपल्या न्यायालयांचा कल, संबद्ध पुरावा कसा मिळाला एवढ्यावरून तो नाकारू नये, असा आहे. म्हणून सल्ल्याचे कागद वेगळ्या रंगाच्या फाइलीत, ईमेल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि कोर्टात किंवा समोरच्याला जाणारा प्रत्येक गठ्ठा दुसऱ्या माणसाने पान न पान उलटून तपासलेला.

वकील बदलताना, आणि दोघांचा वकील एक असताना

दोन भाऊ किंवा दोन भागीदार एकाच वकिलाकडे एकत्र गेले आणि पुढे आपसातच भांडले, तर त्या एकत्र बैठकीत झालेलं बोलणं एकमेकांपासून लपवता येईल अशी अपेक्षा धरू नका. तिसऱ्यापासून ते राखता येतं. हितसंबंध फाटायला लागल्याची पहिली चाहूल लागताच वेगळा वकील करा आणि तेव्हापासून वेगळं बोला.

वकील बदलला तरी जुन्या वकिलावरचं बंधन संपत नाही. काम संपल्यावरही ते चालू राहतं असं कलम १३२ च्या स्पष्टीकरणात आहे. तरीही फाइल परत घेताना पोच करा, त्यात सल्ल्याचे कागद वेगळे मोजून लिहा, आणि जुन्या कार्यालयातल्या संगणकावर तुमचे मसुदे राहिलेत का ते विचारा. पुढच्या प्रतिज्ञापत्राच्या दुसऱ्या अनुसूचीत, कोणता कागद कुणाकडे गेला हे शपथेवर लिहायची वेळ आली की हीच पोच समोर ठेवून लिहाल.